बेलीच्या रिपोर्टमधला ७९ कसा वाचायचा

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतर आईवडिलांनाही संदर्भ लागेल. तुमची मुलगी आठ आठवडे आधी, ३२व्या आठवड्यात जन्मली. तीन आठवडे एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होती. आता ती २२ महिन्यांची आहे. फॉलो-अपमध्ये तिची बेली-३ ही विकासमापन चाचणी झाली आणि तुमच्या हातात तीन आकडे पडले: कॉग्निटिव्ह (विचार, आकलन) ९५, लँग्वेज (भाषा) ७९, मोटर (हालचाल) ८८. तेव्हापासून तुमची झोप उडाली आहे. तुम्ही विचारता, तिचा आयक्यू ७९ आहे का? घरी ती जे शब्द बोलते ते का धरले नाहीत? पुढच्या वेळेआधी तसलेच ठोकळे आणून सराव करून घ्यावा का? आणि तिच्या बाबांचं म्हणणं, याच महिन्यात दुसरीकडे परत करून घेऊ.

मी वीसहून जास्त वर्षं लहान मुलांच्या या चाचण्या घेते आहे. चारही प्रश्नांची उत्तरं देते, पण त्याआधी एक काम करा. रिपोर्टचं पहिलं पान उघडा आणि वयाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा.

तिथे फक्त '२२ महिने' एवढंच असेल, तर चाचणी घेणाऱ्यांना आजच फोन करा. पूर्ण दिवसांचं बाळ ४० आठवड्यांचं धरतात. तुमची मुलगी त्याच्या आठ आठवडे आधी आली, म्हणजे चाचणीच्या दिवशी तिचं करेक्टेड वय, म्हणजे लवकर जन्मल्याचे आठवडे वजा केलेलं वय, २० महिने होतं. बेली-३ मध्ये २४ महिन्यांपर्यंत हे करेक्टेड वयच वापरायचं असतं. या वयात दोन महिने म्हणजे फार मोठं अंतर. याच दिवसांत शब्द भराभर वाढतात, दोन शब्द जोडायला सुरुवात होते. २० महिन्यांच्या मुलीला २२ महिन्यांच्या मुलांशेजारी उभं केलं तर भाषेचा आकडा उगाचच खाली जातो. ही चूक सुधारायला मुलीला पुन्हा बसवावं लागत नाही. तिचे कच्चे गुण, म्हणजे तक्त्यात बघण्याआधीचे मूळ गुण, नोंदीच्या फॉर्ममध्ये असतात. ते तेच राहतात, ज्या तक्त्यात बघायचे तो तक्ता फक्त बदलतो. बाहेरून आलेला रिपोर्ट वाचताना माझी पहिली नजर या रकान्यावर जाते, कारण ही चूक मी बऱ्याचदा पाहिली आहे आणि तिच्यापायी आईवडिलांनी काढलेले महिनेही पाहिले आहेत.

पुढे मी असं धरून चालते की वय बरोबर घेतलं होतं आणि ७९ हा आकडा खरा आहे.

७९ हा आयक्यू नाही. बेलीच्या या मोठ्या आकड्यांची, म्हणजे कम्पोझिट स्कोरची, सरासरी १०० ठेवलेली असते आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप, १५. आयक्यूच्या चाचण्यांचीही मांडणी तशीच असते, म्हणून दोन्ही आकडे सारखे दिसतात आणि गल्लत होते. ७९ चा अर्थ एवढाच की त्या वयाच्या शंभर मुलांना भाषेच्या बाबतीत ओळीत उभं केलं, तर साधारण ८ मुलं तिच्या मागे असतील. त्याच ओळीत कॉग्निटिव्हच्या ९५ ला ३७ मुलं मागे असतात आणि मोटरच्या ८८ ला २१. ८५ ते ११५ या पट्ट्यात बहुतेक मुलं येतात, म्हणजे तिचे दोन आकडे त्या पट्ट्यात आहेत आणि एक बाहेर आहे.

बाळपणीच्या गुणांवरून शाळेच्या वयातली बुद्धी सांगता येत नाही, हे सगळ्यात आधी ज्यांनी दाखवलं त्यांत खुद्द नॅन्सी बेली होत्या. बर्कलीमध्ये १९२८ साली सुरू झालेल्या अभ्यासात त्यांनी बाळांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासलं. पहिल्या वर्षातले गुण आणि त्याच मुलांचे मोठेपणीचे गुण यांचा मेळ फारसा बसत नाही, असं त्यांना आढळलं. त्यांची चाचणी १९६९ साली प्रसिद्ध झाली, पुढे १९९३, २००६ आणि २०१९ मध्ये तिच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. तुमची २००६ ची, तिसरी. आवृत्त्या बदलल्या तरी हे सत्य बदललेलं नाही. फार खालचे गुण जास्त टिकून राहतात, मधले आणि वरचे गुण बरेच हलतात. ७९ हा मधल्या आणि खालच्या गुणांच्या सीमेवरचा आकडा आहे. त्यावरून भविष्य सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग तो धीर देत असो की घाबरवत.

आता त्या ७९ च्या आत जाऊ. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत एक ओळ आहे जिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही: रिसेप्टिव्ह (समजणं) ८, एक्स्प्रेसिव्ह (बोलणं) ५. हे स्केल्ड स्कोर, म्हणजे एकेका उपभागाचे छोटे आकडे. यांची सरासरी १० आणि प्रमाण विचलन ३ असतं. समजण्याचे ८ म्हणजे शंभरांत २५ मुलं मागे, अगदी व्यवस्थित. बोलण्याचे ५ म्हणजे शंभरांत ५ मुलं मागे. दोन्हींची बेरीज १३ आणि १३ ला तक्त्यात मिळतात ७९.

म्हणजे तुमची मुलगी ऐकून समजून घेते, पण अजून कमी बोलते. आता हेच उलटं करून बघा. समजण्याचे ५ आणि बोलण्याचे ८ असलेल्या मुलालाही ७९ च मिळतात, कारण बेरीज तीच. ते मूल शब्द बोलतं, कदाचित गाणी म्हणतं, ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी परत म्हणतं, पण 'चेंडू बाबांना दे' म्हटल्यावर नुसतं बघत राहतं. त्या मुलाची मला कितीतरी जास्त काळजी वाटेल आणि माझे पुढचे सगळे प्रश्न वेगळे असतील. दोन अगदी वेगळी मुलं, आणि रिपोर्टच्या पहिल्या पानावर आकडा एकच. म्हणून मी पालकांना सांगते की मोठा आकडा वाचून थांबू नका, तो कशाकशाची बेरीज आहे ते विचारा.

प्रत्येक कम्पोझिट आकड्याशेजारी रिपोर्टमध्ये एक पट्टाही छापलेला असतो. ७९ च्या दोन्ही बाजूंना साधारण सातआठ गुणांचा. कुठलंच मोजमाप तंतोतंत नसतं आणि इथे तर दीड-दोन वर्षांचं मूल मोजायचं असतं, जे मध्येच खुर्चीवरून उतरून दार ढकलायला जातं. पुढच्या वेळी ८३ आले तर पेढे वाटू नका आणि ७६ आले तर रडू नका. दोन्ही आकडे त्याच पट्ट्यातले आहेत.

घरचे शब्द का धरले नाहीत, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर 'प्रमाणित' या शब्दात आहे, म्हणून त्यावर जरा थांबते.

बेली-३ चे तक्ते अमेरिकेतल्या १,७०० मुलांवरून बनवले. त्या प्रत्येक मुलाला त्याच वस्तू दिल्या, ठरलेल्या शब्दांत विचारलं, ठरलेल्या इतक्याच संधी दिल्या. तुमच्या मुलीची त्यांच्याशी तुलना करायची तर तिलाही नेमकं तेच, तसंच मिळायला हवं. मी एका मुलाला तीनदा विचारलं आणि दुसऱ्याला सातदा, किंवा एकाला नुसतं सांगितलं आणि दुसऱ्याला बोट दाखवून सांगितलं, तर वजनं बदलून एकाच तराजूत तोलल्यासारखं होईल. सुरुवात कुठून करायची ते वयावर ठरतं. पहिल्याच तीनपैकी एखादं जमलं नाही, तर मागच्या वयाच्या पायरीवर जावं लागतं, आणि सलग पाच बाबी जमल्या नाहीत की तो भाग थांबवायचा. टेबलापलीकडे बसलेली बाई एवढी कोरडी का वागते, 'शाब्बास, बरोबर' असं का म्हणत नाही, असं अनेक आयांना वाटतं. ती मुलाच्या प्रयत्नाला दाद देते, पण उत्तर बरोबर की चूक हे चेहऱ्यावर दिसू देत नाही. ते दिसलं की पुढच्या उत्तराला चेहऱ्याची मदत होते.

आणि मदत कुठून येईल सांगता येत नाही. दीड वर्षाचा एक मुलगा मला लख्ख आठवतो. बाबांच्या मांडीवर बसलेला, समोर चित्रं. मी विचारते, अमुक कुठाय? त्याचा हात अधांतरी थोडा फिरतो आणि बरोबर चित्रावर टेकतो. पुढचं, पुन्हा बरोबर. चौथ्या वेळी मला दिसलं की हात टेकण्याआधी बाबांचा गुडघा त्या बाजूला किंचित कलतो. बाबांच्या हे गावीही नव्हतं. ते लबाडी करत नव्हते, त्यांचं सगळं शरीर मुलाच्या बाजूने उत्तर देत होतं. मी त्यांना म्हटलं, जरा डोळे मिटून बसा. पुढच्या चित्राला मुलाचा हात हवेतच राहिला, मग त्याने मान वर करून बाबांचा चेहरा शोधला. त्या क्षणी मला जे कळलं ते गुणांत कुठेच लिहिता येत नाही, पण फार मोलाचं होतं. ऐकून ओळखण्यात तो मागे होता आणि माणसं वाचण्यात त्याच्या वयाच्या पुढे. उपचाराची सुरुवात आम्ही तिथूनच केली.

घरच्या शब्दांचं असं: बेली-३ च्या कॉग्निटिव्ह, लँग्वेज आणि मोटर या तीन भागांत चाचणी घेणाऱ्याने स्वतः जे पाहिलं, ऐकलं तेच धरतात. पालकांचं म्हणणं दुसऱ्या दोन भागांत येतं, सामाजिक-भावनिक आणि रोजच्या व्यवहाराच्या प्रश्नावलीत. (ते दोन आकडे तुम्ही पाठवलेले नाहीत. प्रश्नावली भरून घेतली होती का ते विचारा.) चौथ्या आवृत्तीत काही बाबी पालकांना विचारून गुण देण्याची सोय झाली आणि हो-नाहीच्या जागी ०, १, २ असे गुण आले, म्हणजे 'जमू लागलंय' यालाही जागा मिळाली. हा बदल चांगला झाला असं माझं मत आहे.

पण तिसऱ्या आवृत्तीतही चाचणी घेणाऱ्याने कान उघडे ठेवायचेच असतात. मूल टेबलापाशी बोललं नाही आणि नंतर खेळताना बोललं, तर ते बोलण्याच्या अनेक बाबींत धरता येतं. एक मुलगी चित्रांच्या वेळी पाऊण तास ओठ घट्ट मिटून बसली होती. मी सामान आवरायला घेतलं, एक ठोकळा जमिनीवर पडला, आणि ती टेबलाखाली वाकून म्हणाली, 'पडलं!' मग स्वतःच तो उचलून माझ्या हातात देत, 'हे घे.' मी पेटी बाजूला ठेवली आणि फॉर्म पुन्हा उघडला. तुमच्या मुलीच्या वेळी असं काही झालं होतं का, खोलीत शिरताना किंवा निघताना ती काय बोलली, हे आठवत असेल तर सांगा. चांगला टेस्टर ते ऐकून घेतो.

सरावाबद्दल माझं मत ठाम आहे: करू नका. विहिरीचं पाणी कसं आहे हे बघायला बाटलीभर पाणी नेतात. बाटलीतलं तेवढं गाळून दिलं तर अहवाल चांगला येईल, विहीर तशीच राहील. चाचणीतले ठोकळे ही ती बाटली आहे. तुमच्या मुलीला ठरलेला मनोरा रचायला शिकवला तर तेवढं एक कौशल्य वाढेल, आणि ज्या मदतीची तिला गरज आहे ती आम्ही आकडा बघून थांबवू. याच कारणाने आतल्या बाबी नेमक्या काय आहेत हे आम्ही कुणालाही सांगत नाही. ठोकळ्यांशी खेळायला अर्थातच काही हरकत नाही. खेळा, रचा, पाडा, त्यावर बोला. फक्त हातात घड्याळ नको आणि 'आता मॅडमना दाखवायचंय हं' नको.

याच महिन्यात दुसरीकडे तीच चाचणी करून घेण्यातही अर्थ नाही. वस्तू ओळखीच्या झालेल्या असतात, त्यामुळे गुण वाढले तरी ते शिकल्याने वाढले की ओळखीने, हे कळणार नाही. या वयात मी सहा महिन्यांच्या आत तीच चाचणी परत घेत नाही. त्या दिवशी ताप होता, झोपमोड झाली होती, ती सतत रडत होती, असं असेल तर गोष्ट वेगळी. पण मग ते रिपोर्टमध्ये 'वर्तन-निरीक्षण' या भागात लिहिलेलं असायला हवं. तो भाग पालक सोडून देतात, मी मात्र आकड्यांच्या आधी तोच वाचते. मूल किती वेळ एका गोष्टीत रमलं, जमलं नाही तेव्हा काय केलं, मदत कशी मागितली, नवी वस्तू आईला दाखवली का, हे सगळं तिथे असतं. तो भाग दोन ओळींत उरकलेला असेल तर टेस्टरशी प्रत्यक्ष बोलून घ्या.

एका गोष्टीची आधीच कल्पना देऊन ठेवते, कारण पुढच्या वेळी तुम्ही हमखास घाबराल. सहा महिन्यांनी ती २८ महिन्यांची असेल. तेव्हा दोन वर्षं उलटलेली असल्याने करेक्शन थांबेल आणि तिची तुलना थेट २८ महिन्यांच्या मुलांशी होईल. आत्ता तिला २० महिन्यांची धरलं होतं. म्हणजे कॅलेंडरवर सहा महिने सरले, पण तक्ता तिच्याकडून आठ महिन्यांची वाढ मागणार. ती छान पुढे गेलेली असली तरी आकडा जागच्या जागी राहू शकतो, किंचित खालीही येऊ शकतो. त्यामुळे कम्पोझिटची तुलना कम्पोझिटशी करू नका. कच्चे गुण किती वाढले ते मागा. करेक्शन धरून आणि न धरून, दोन्ही आकडे लिहून द्यायलाही सांगा. बहुतेक टेस्टर आनंदाने देतात.

आता ज्यासाठी थांबायचं नाही अशा गोष्टी.

पहिली म्हणजे कान. सुरुवातीच्या वर्षांत मी एका मुलाची भाषा मागे आहे असा रिपोर्ट दिला. जन्मल्यावर ऐकण्याची तपासणी पास झाली होती, असं आईने सांगितलं आणि मी तेवढ्यावर पुढे गेले. सहा महिन्यांनी कळलं की त्याच्या दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साचलेलं होतं. सहा महिने आम्ही त्याला जे शब्द शिकवत होतो ते त्याच्यापर्यंत नीट पोचतच नव्हते. चूक माझी होती, आणि त्यानंतर कानाची ताजी तपासणी बघितल्याशिवाय मी भाषेच्या गुणांवर एक ओळही लिहीत नाही. तुमची मुलगी एनआयसीयूत होती, तेही ऐकण्याच्या दृष्टीने एक जोखीम मानतात. जन्मावेळची तपासणी पास असली तरी नंतर ऐकू कमी होऊ शकतं. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे जा. आवाज आला की मूल वळतं आणि लगेच एखादं खेळणं उजळतं, अशी या वयाला साजेशी तपासणी असते. पडद्यामागे पाणी आहे का हे बघणारी टिम्पॅनोमेट्रीही सोबत करून घ्या. समजण्याचे गुण ८ आहेत म्हणून कान ठीकच असतील, असं धरू नका.

दुसरी, एम-चॅट ही प्रश्नावली. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ऑटिझमची चाळणी म्हणून ती वापरतात, वीस प्रश्न असतात, पालकच भरतात. ० ते २ म्हणजे जोखीम कमी, ३ ते ७ आले तर फोनवर किंवा समोर बसून आणखी प्रश्न विचारायचे, ८ आणि वर आले तर थेट सविस्तर तपासणी. बोलणं मागे असलेल्या प्रत्येक मुलासाठी मी ती भरून घेते. तुमच्या पत्रातलं एक वाक्य वाचून मला बरं वाटलं: आकाशात विमान दिसलं की ती बोट करते आणि तुमच्याकडे वळून बघते. विमान तिला हवं नसतं, तुम्हीही ते बघावं असं तिला वाटत असतं. वीस महिन्यांच्या मुलाकडून मला जे बघायचं असतं ते हेच. तरीही प्रश्नावली भराच.

इथे चाळणी आणि मोजमाप यांतला फरक थोडक्यात सांगते, कारण तुमच्या नातेवाइकांनी 'आमच्याकडे तर दहा मिनिटांत झाली' असं म्हटल्याचं तुम्ही लिहिलं आहे. एएसक्यू-३, डेन्व्हर-२, एम-चॅट या चाळण्या आहेत. एएसक्यूत पाच क्षेत्रांत सहा-सहा प्रश्न, 'हो' ला १०, 'कधीकधी' ला ५, 'अजून नाही' ला शून्य. कुणाकडे नीट बघायला हवं एवढंच त्या सांगतात. बेली किंवा ग्रिफिथ्स हे प्रत्यक्ष मोजमाप. त्याला तास-दीड तास आणि प्रशिक्षित माणूस लागतो. चाळणीत अडकलं म्हणून काही सिद्ध होत नाही, आणि चाळणीतून सुटलं म्हणून आईच्या मनातली शंका मोडीत काढायची नसते.

तिसरी, स्पीच थेरपी. निदानाची वाट बघू नका. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे आपोआप गाठतात हे खरं आहे, आणि तुमच्या मुलीच्या बाजूने बोलणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत: समज चांगली, कॉग्निटिव्ह चांगलं, बोट दाखवणं आहे. पण गाठणारं मूल कोणतं आणि मागे राहणारं कोणतं, हे आज कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. शिवाय बेली-३ चे गुण आधीच्या आवृत्तीपेक्षा चढे येतात, हे तिच्या आगमनानंतर लवकरच लक्षात आलं. म्हणून या चाचणीत बोलण्याला ५ आले असतील तर मी ते झटकून टाकणार नाही. थेरपीने तोटा नाही, आणि या वयात बहुतेक थेरपी तुम्हालाच शिकवलेली असते: तिच्या नजरेच्या पातळीला बसून बोलणं, प्रश्न कमी आणि वर्णन जास्त, आणि बोलून झाल्यावर थांबणं. ते थांबणं आपल्याला फार जड जातं. मनात दहा आकडे मोजा. सहाव्या-सातव्या आकड्याला काहीतरी येतं.

'ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले' हा शब्द तुम्ही कुठेतरी वाचलात आणि तो लागू आहे का असं विचारलंत. नाही. तो पाच वर्षांखालच्या मुलांसाठी, दोन किंवा जास्त क्षेत्रांत मूल बरंच मागे असेल तेव्हा वापरतात, म्हणजे या मापावर साधारण ७० च्या खाली. तुमच्या मुलीचा तसा एकही आकडा नाही.

चालण्याचं म्हणाल, तर ती सतराव्या महिन्यात चालली, म्हणजे करेक्टेड पंधराव्या. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या हालचालींचे टप्पे तपासले आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केले. आधाराशिवाय चालण्याची खिडकी निघाली ८.२ ते १७.६ महिने, म्हणजे नऊ महिन्यांहून मोठी. ती कधी रांगलीच नाही, बसून सरकायची, याचीही चिंता सोडा. त्याच अभ्यासात ४.३ टक्के मुलं हातगुडघ्यांवर रांगलीच नव्हती. मोबाइलवर फिरणाऱ्या टप्प्यांच्या याद्यांनी फार घोळ घातला आहे. 'अमुक महिन्यात हे यायला हवं' म्हणजे निम्म्या मुलांना येतं की ७५ टक्क्यांना, हे त्यांत लिहिलेलंच नसतं. यादी निम्म्यांची असेल तर उरलेली निम्मी निरोगी मुलं त्या दिवशी 'मागे' ठरतात.

भाषेबद्दल एक शेवटचा मुद्दा, आणि तो तुमच्या घरात दोन भाषा आहेत म्हणून महत्त्वाचा. चाचणी कोणत्या भाषेत घेतली? मूळ चाचणी इंग्रजीत आहे आणि तक्तेही इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांवर बेतलेले. टेस्टरने जागच्या जागी मराठीत भाषांतर करून विचारलं असेल, तर प्रश्नाची काठिण्यपातळी बदलते. इंग्रजीत 'आत' साठी वेगळा सुटा शब्द येतो, मराठीत तो नामाला चिकटून 'डब्यात' होतो. इंग्रजी क्रियापद 'तो' आणि 'ती' साठी तेच राहतं, आपल्याकडे 'गेला', 'गेली', 'गेलं'. कोणत्या वयात काय जमतं ही क्रमवारी भाषेगणिक हलते. त्यामुळे भाषेचे गुण मराठीत घेतले असतील तर ते अंदाज म्हणून वाचायचे, आणि तसं रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. दोन भाषांमुळे बोलणं मागे पडतं असं कुणी सांगितलं तर एक भाषा बंद करू नका. शब्द मोजताना मात्र दोन्ही भाषांतले एकत्र मोजा.

त्यासाठी एक वही करा. तारीख, शब्द, कोणत्या भाषेत, कशावरून म्हणाली. 'बा' म्हणजे बाहेर आणि 'बा' म्हणजे बाबा, असं असेल तर दोन वेगळ्या ओळी. पूर्ण शब्द नसला तरी दर वेळी त्याच वस्तूला तोच आवाज काढत असेल, तर तोही शब्दच, लिहा. खुणा लिहा, 'नको' साठी मान हलवणं लिहा. दोन शब्द पहिल्यांदा जोडेल तो दिवस ठळक लिहा. स्पीच थेरपिस्टकडे पहिल्या दिवशी ही वही न्या, आणि सहा महिन्यांनी चाचणीच्या खोलीतही न्या. चाचणीची वेळ तिच्या झोपेनंतरची घ्या. खोलीत तुम्ही किंवा बाबा, दोघांपैकी एकानेच बसा, गुडघे स्थिर ठेवा, आणि 'घरी करतेस ना' हे वाक्य तेवढा वेळ गिळून टाका. वही मात्र सुरुवातीलाच टेस्टरच्या हातात द्या.